विद्येचे दार आणि भाकरीचा प्रश्न



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना गाण्याचे अतोनात वेड होते, हे इथे बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. मी स्वतः गवई नाही. इतिहास शिकवण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून रागांविषयी बोलण्याचा अधिकार मी घेत नाही. माझा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि थोडा हिशेबाचाही आहे. हातावर पोट असलेल्या माणसाच्या मुलाला किंवा मुलीला शास्त्रीय संगीत शिकता आले काय? आले असेल तर कोणत्या दाराने, आणि त्या दारापाशी त्याला काय मोजावे लागले?

हा प्रश्न आदिलाबादेत विचारण्याला कारण आहे. एकेकाळी हैदराबाद संस्थानात असलेल्या या जिल्ह्यातून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले. सीमा हलल्या, पण इथले लोक होते तिथेच आहेत. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू एकाच बाजारात बोलणारे हे लोक कापूस पिकवतात, जिनिंगमध्ये राबतात, बेल्लमपल्ली-मंदमर्रीच्या बाजूला कोळशाच्या खाणीत उतरतात, कागजनगरच्या कागद गिरणीत पाळ्या करतात. आणि याच मुलखात गोदाकाठी बासरला सरस्वतीचे देवालय आहे. दूरदूरचे आईबाप मुलांना अक्षराभ्यासासाठी तिथे आणतात. अक्षराच्या बाबतीत आपण मान्य केले आहे की ते सर्वांचे आहे. त्याच देवतेच्या हातातल्या वीणेच्या बाबतीत मात्र तसे कधी कोणी ठरवल्याचे मला दिसत नाही.

शिकण्याची किंमत

शास्त्रीय संगीत शिकायला गळा लागतो, बुद्धी लागते, हे खरेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी पाच गोष्टी दिसतात. पहिली वेळ, दुसरी गुरू, तिसरी वाद्य. चौथी, शिकण्याच्या त्या दहा-बारा वर्षांतले अन्न. आणि पाचवी, शिकल्यानंतर यावर पोट भरेल असा भरवसा. यांतली एक जरी नसली तरी उरलेल्या चार वाया जातात. गरिबाच्या घरी यांतली नेमकी कोणती नसते, हे प्रत्येक काळात पाहावे लागते.

जुन्या व्यवस्थेत या पाचही गोष्टी घराण्याच्या घरात एकत्र असत. मुलगा बापाकडे किंवा मामाकडे शिके, तिथेच जेवे, आणि पुढे त्याच दरबारात चाकरीला लागे. बाहेरच्या मुलाला दोनच मार्ग होते. एक सेवेचा. गुरूच्या घरी पाणी भरायचे, झाडलोट करायची, आणि कानावर पडेल ते उचलायचे. भीमसेन जोशी १९३० च्या दशकात कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी असेच राहिले. दुसरा मार्ग भिक्षेचा. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तरुणपणी विद्येसाठी वणवण करत उत्तरेला गेले, त्या काळी निर्धन ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी मागून आणि वार लावून जेवता येई. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी अशी जेवणाची सोय गावाने लावून दिलेली असे.

या माधुकरीकडे आपण जरा नीट पाहिले पाहिजे. ती एक प्रकारची शिष्यवृत्तीच होती. गरिबी होती, पण त्या गरिबीला समाजाने एक दार ठेवलेले होते. तेच दार कुणब्याच्या, विणकराच्या, महारामांगाच्या मुलाला नव्हते. तो वार लावायला कोणत्या घरी जाणार? म्हणून 'पूर्वीचे गवई किती हालअपेष्टांतून शिकले' असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हाल सगळ्यांचे होते. हाल सोसून शिकण्याची सोय मात्र थोड्यांची होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास चालना दिली, त्यामागे हीच ओळख होती. शाळेचे दार उघडून भागत नाही, ताटाची सोय लावावी लागते. त्याच शाहूंच्या आश्रयाला अल्लादिया खाँसाहेब होते. पण वसतिगृहाची कल्पना आणि दरबारी गायकी या एकाच राजाच्या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत. वसतिगृहातून वकील निघाले, मास्तर निघाले. गवई निघाला नाही.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मूळचे कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू झालेले, मिरजेत बाळकृष्णबुवांपाशी तयार झालेले हे गृहस्थ दरबाराचा आश्रय सोडून लोकांच्या आश्रयावर शाळा चालवायला निघाले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, वर्ग, परीक्षा, पदवी. गाणे शिकणे ही शाळेत जाऊन करण्याची गोष्ट झाली. १९०८ मध्ये मुंबईची शाखा निघाली.

माझ्या विषयाच्या दृष्टीने पंडितजींची सर्वांत मोठी कल्पना म्हणजे उपदेशक वर्ग. फी भरून संध्याकाळी तासभर शिकणारे विद्यार्थी एकीकडे, आणि दुसरीकडे ठरावीक वर्षे विद्यालयातच राहण्याचा करार करून शिकणारे विद्यार्थी. या दुसऱ्यांना शिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य. त्याच्या मोबदल्यात त्यांनी विद्यालयाची कामे करायची, खालच्या वर्गांना शिकवायचे आणि पुढे संगीताचा प्रसार करायचा. म्हणजे वेळ, गुरू, वाद्य, अन्न आणि पुढची नोकरी या पाचही गोष्टी घराण्याबाहेर, रक्ताच्या नात्याशिवाय, प्रथमच एका संस्थेने देऊ केल्या.

याचा परिणाम एका उदाहरणात दिसतो. ओंकारनाथ ठाकूर १८९७ मध्ये गुजरातेत खंबायतजवळच्या जहाज नावाच्या खेड्यात जन्मले. वडिलांनी संन्यासाची वाट धरली, घर उघडे पडले. या मुलाने भडोचला लोकांच्या घरी स्वयंपाकाची कामे केली, गिरणीत मजुरी केली, रामलीलेत सोंगे घेतली. शापूरजी मंचेरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनी त्याचा आवाज ऐकला आणि त्याला मुंबईला पलुस्करांकडे पाठवण्याची व्यवस्था केली. पुढे हाच मुलगा ऐन विशीत लाहोरच्या विद्यालयाचा प्रमुख झाला, आणि १९५० मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाची धुरा त्याच्याकडे आली. गिरणीतल्या पोऱ्यापासून विद्यापीठापर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झाला. मात्र त्यात योगायोगाचा वाटा किती हेही पाहावे. आवाज ऐकणारा एक सहृदय शेठ त्या गावात होता. ज्या गावात तो नव्हता, तिथल्या आवाजांचा इतिहास कोण लिहिणार?

उपदेशक वर्गातून तयार झालेल्या नामवंतांची आडनावे पाहिली तर आणखी एक गोष्ट कळते. पटवर्धन, व्यास, देवधर, खरे, कशाळकर. ही बहुतेक एकाच सामाजिक थरातली मुले होती. जेवण विनामूल्य होते, पण पंगत कोणाची, हा प्रश्न त्या काळी सुटलेला नव्हता. शिवाय घरातला कमावता हात दहा वर्षे सोडून देणे भिक्षुकाच्या किंवा कारकुनाच्या कुटुंबाला कसेबसे जमे. मजुराच्या घरी बारा वर्षांचा मुलगा हा कमावता गडीच असतो. विद्यालयाने त्याला जेवू घातले असते, तरी त्याच्या पाठीमागच्या घराला कोणी जेवू घालायचे?

आणि ही व्यवस्थाही फार काळ टिकली नाही. मुंबईच्या इमारतीचे कर्ज फिटेना, १९२० च्या दशकात ती लिलावात गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पंडितजी निवर्तले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही परीक्षांची शिडी आज गावोगाव पोहोचली आहे. पण पंडितजींच्या दोन वर्गांपैकी फी भरणारा वर्ग वाढला, राहून-जेवून शिकणारा वर्ग आटला. शिडी राहिली, पहिल्या पायरीखालचा आधार गेला.

पंडित भातखंड्यांचे काम वेगळ्या जातीचे. 'क्रमिक पुस्तकमालिके'तून त्यांनी घराण्यांच्या पेट्यांत कुलूपबंद असलेल्या शेकडो चिजा मराठीत, स्वरलिपीसह छापून मोकळ्या केल्या. गुरूने लपवून ठेवलेली चीज आता पुस्तकाच्या किमतीला मिळू लागली. ही मोठीच लोकशाही होती. परंतु पुस्तक वाचायला अक्षर लागते, आणि १९२० च्या दशकात निजामाच्या राज्यातल्या खेड्यात ते किती जणांपाशी होते? छपाईने एक कुलूप उघडले, दुसरे तसेच राहिले. १९२६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने लखनौला मॅरिस कॉलेज निघाले, तेही शहरात आणि शिकलेल्यांसाठी.

ज्यांचे गाणे आधीच होते

इथवर आपण बाहेरून आत येणाऱ्यांचा विचार केला. पण जे पूर्वीपासून आत होते, त्यांचे काय झाले? देवळात पखवाज वाजवणारे गुरव, सनई-चौघडा वाजवणारे वाजंत्री, आपल्या तेलुगू भागात लग्नकार्यात आणि देवळात सन्नाई वाजवणारे मंगळी, गोव्यातल्या देवळांशी बांधलेली कलावंत घराणी, उत्तरेतले मिरासी. हे सगळे संगीताचे कष्टकरीच होते. पहाटे उठून चौघडा वाजवणे ही पाळीच आहे, गिरणीतल्या पाळीसारखी. त्यांना फी नव्हती, प्रवेश-परीक्षा नव्हती. विद्या घरात होती आणि प्रतिष्ठा दाराबाहेर.

नव्या विद्यालयांनी संगीताला प्रतिष्ठा दिली. त्यासाठी त्याला जुन्या सोबतीपासून दूर करावे लागले. सभ्य घरातली मुलगी गाणे शिकू लागली, हा मोठा सामाजिक विजय. पण तिला शिकवणाऱ्याच्या हाती पदविका हवी, असे ठरू लागले तेव्हा पिढीजात वाजवणाऱ्याची पायरी आपोआप खाली गेली. कारकुनाच्या मुलाला विशारद होऊन शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली. वाजंत्र्याचा मुलगा लग्नाच्या बँडमध्ये गेला. मला वाटते, संगीतशिक्षणाच्या आपल्या इतिहासातली ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. तीच शिडी एकाला वर नेत होती आणि दुसऱ्याला तिच्या तळाशी ठेवत होती.

काहींनी मात्र ही शिडी स्वतःच्या बळावर चढून दाखवली. मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली गोव्यातल्या कुर्डी गावी कलावंत समाजात जन्मल्या. लहानपणी नाटक मंडळ्यांतून कामे केली, आईचे छत्र अकाली गेले. सांगलीला अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांचा रियाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. त्यांच्यामागे मोगूबाई मुंबईला गेल्या. शिकवणी तुटली, पुन्हा जुळली, मधली वर्षे इतरांकडे शिकण्यात गेली. खाँसाहेबांचे रीतसर गंडाबंधन १९३४ मध्ये झाले. पुढे त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर १९३२ ते २०१७ या आपल्या आयुष्यात आईला मैफलींच्या प्रवासात सोसाव्या लागलेल्या अपमानांविषयी उघडपणे बोलल्या, आणि स्वतः कलावंताच्या मानाविषयी किती कठोर राहिल्या, हे सर्वश्रुत आहे. त्या कठोरपणाला लोक लहर म्हणत. मला ती लहर वाटत नाही. एका पिढीने सोसलेल्या अपमानाची दुसऱ्या पिढीने केलेली ती वसुली होती. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते काही आठवडे वर दिसते.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात चालवलेल्या आर्य संगीत विद्यालयाचीही आठवण इथे केली पाहिजे. शिष्यांना घरी ठेवायचे, जेवू घालायचे, आणि जलशांच्या उत्पन्नावर हा प्रपंच चालवायचा, ही त्यांची रीत. म्हणजे गुरुकुलाची भाकर आणि शाळेची शिस्त यांचा मेळ. हे दिलदारीचे काम होते, पण सर्वस्वी एका माणसाच्या गळ्यावर उभे होते. गवई थकला की शाळा थकणार, हे ठरलेलेच.

गिरणगावची पेटी

कामगार मात्र कोणी दार उघडण्याची वाट पाहत बसला नव्हता. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांनी चाळीचाळींतून भजनी मंडळे उभी केली. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी ही माणसे. रात्रपाळी नसेल त्या दिवशी पेटी, मृदंग आणि टाळ घेऊन बसत. बुवा शिकवी, बाकीचे उचलत. अभंग भूपात लागे, भैरवीने शेवट होई. रागाचे नाव न घेता रागाचा संस्कार होई. नाट्यसंगीताच्या तबकड्या आणि चाळीचाळींच्या गणेशोत्सवांतल्या, तिकीट नसलेल्या मैफली ही त्यांची महाविद्यालये. या शिक्षणाला फी नव्हती, पण प्रमाणपत्रही नव्हते. आपल्या जिल्ह्यातल्या मराठी गावांतले भजन आणि पंढरीच्या वाटेवरची दिंडी याच परंपरेतली.

या शिक्षणाचे मुख्य साधन होते हार्मोनियम. भात्याची पेटी स्वस्त, टिकाऊ, स्वर जुळवण्याची कटकट नाही, आणि एका पेटीवर वीस माणसे शिकतात. तिच्यावरच १९४० साली आकाशवाणीने बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीच्या ठरावीक पट्ट्यांत भारतीय श्रुती बसत नाहीत, हा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता. परंतु ज्या तीन दशकांत रेडिओ हाच संगीताचा सर्वांत मोठा आश्रयदाता झाला, १९५२ पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, कलावंतांच्या चाचण्या होऊन दर्जे ठरू लागले, त्याच दशकांत गरिबाच्या घरचे वाद्य त्या दारात अपात्र ठरले. निर्णय श्रुतींविषयी होता. त्याची झळ कोणाला लागली, ते कोणी मोजले नाही.

वाद्यांचा विषय निघालाच आहे तर मिरजेचे नाव घेतलेच पाहिजे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले मोठे नाव. पंढरपूर भागात पिकलेले मोठे भोपळे वाळवून, कोरून, वर दांडी चढवून, घोडीवर जवारी काढून तंबोरा सिद्ध होतो. जवारी काढणाऱ्याचा कान कोणत्याही गवयाइतकाच तयार लागतो, कारण घोडीचा माथा केसभर जास्त घासला तर तार बोलायची थांबते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराचे नाव सरकारदरबारी लागले, हे चांगलेच झाले. पण गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या हातांनी भारतभरच्या गवयांना आधारस्वर पुरवला, त्या हातांकडे संगीताच्या इतिहासाने 'कारागीर' म्हणूनच पाहिले. स्वराची पारख ही विद्या मानली, तर ते विद्वान होते.

आपल्या दारातला किंगरीवाला

आता आपल्या घरी येऊ. या जिल्ह्यात एक संगीतशिक्षण शतकानुशतके चालत आले, आणि त्यासाठी कोणालाही लाहोरला जावे लागले नाही. मी परधानांविषयी बोलतो आहे. राजगोंडांच्या प्रत्येक कुळाशी परधानांची घराणी बांधलेली. पेर्सा पेनच्या सणाला परधान येणार, गजाने तीन तारांची किंगरी, म्हणजे गोंडीतली किकरी, वाजवणार, आणि कुळाच्या मूळपुरुषांची आख्याने रात्रभर गाणार. त्याच्या बदल्यात यजमानाकडून धान्य, कपडा, कधी गुरे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकाच्या आरंभी मारलवाईला येऊन राहिले, आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने आदिलाबादच्या राजगोंडांचे जग अभ्यासकांपुढे आणले. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट आपल्याला विशेष जवळची आहे. इथल्या परधानांची घरची भाषा मराठी होती, आणि आख्याने ते गोंडीत गात. म्हणजे आपल्याच भाषेतली माणसे दुसऱ्या भाषेची स्मृती जपत होती.

या विद्येला मघाच्या पाच कसोट्या लावून पाहा. वेळ होता, बालपणापासूनचा. गुरू होता, बाप किंवा चुलता. वाद्य घरीच घडे. अन्न यजमानाच्या कोठारातून येई. आणि भवितव्य कुळाकुळांच्या नात्यात बांधलेले होते. प्रदीर्घ तालीम, अचूक पाठांतर, वाद्याची साथ, जाणत्या श्रोत्यांची कसोटी, सगळे होते. हे संगीत आणि ख्याल एकच, असे मी म्हणत नाही. त्यांचे शास्त्र वेगळे, हेतू वेगळे. पण तालमीच्या कठोरपणात एकाला विद्या आणि दुसऱ्याला नुसता रिवाज म्हणण्यासारखे काही मला आढळले नाही.

मग ही व्यवस्था मोडली कशी? जंगल राखीव झाले, जमिनी हातच्या गेल्या. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम धारातीर्थी पडले, ते याच जमिनीच्या आणि जंगलाच्या प्रश्नावर. यजमानाचे कोठार रिकामे झाले की गवयाचे ताटही रिकामे होते. हैमेनडॉर्फ यांच्या खटपटीने १९४३ मध्ये मारलवाईला आदिवासी शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले, देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. शाळा आली, हे भाग्यच. पण शाळेत किंगरी आली नाही. हुशार मुलगा मास्तर झाला, कारकून झाला, आणि किंगरी भिंतीला टांगली गेली. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या जागी कोणीही तेच केले असते. परंतु तुलना करून पाहा. मिरजेच्या किंवा पुण्याच्या ब्राह्मण मुलाला शाळेने गाणे दिले आणि त्या गाण्याने प्रतिष्ठा दिली. आदिलाबादच्या परधान मुलाला शाळेने प्रतिष्ठा दिली, ती गाणे सोडण्याच्या बोलीवर. दोघेही वर गेले. एकाच्या हातात तंबोरा होता, दुसऱ्याचे हात रिकामे.

२०२१ मध्ये मारलवाईचेच कनकराजू यांना गुस्साडी नृत्यासाठी पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये ते गेले. दंडारीचा हा नाच दिल्लीपर्यंत पोहोचवणाऱ्या त्या माणसाचा सन्मान झाला, याचा सर्व जिल्ह्याला आनंद झाला. पण सन्मान एका माणसाचा होतो. विद्येला शाळा लागते.

भाकर आधी

यातून वाट निघाली नाही असे नाही. कर्नाटकात गदगला वीरेश्वर पुण्याश्रम आहे. स्वतः अंध असलेले पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर त्यांचे तसेच अंध शिष्य पुट्टराज गवई यांनी तिथे अंध, अनाथ आणि गरीब मुलांना जवळ केले. राहणे फुकट, जेवण फुकट, गाणे फुकट. खर्च भिक्षेवर, देणग्यांवर आणि नाटकमंडळीच्या उत्पन्नावर. बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवयांचे शिष्य. आज ज्यांचे गाणे देशभर ऐकले जाते ते वेंकटेशकुमार लोककलावंताच्या घरातले. १९६८ मध्ये ते या आश्रमात आले आणि बारा वर्षे पुट्टराजांपाशी राहिले. २०१० मध्ये पुट्टराज गेले, आश्रम चालू राहिला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या विद्यालयाला जे साधले नाही, ते इथे साधले. कारण ताटाचा भार एका गळ्यावर न ठेवता गावोगावच्या लोकांनी वाटून घेतला.

युरोपातही याहून वेगळे घडले नाही. संगीत महाविद्यालयाला तिकडे जो 'कॉन्झर्व्हेटरी' शब्द आहे, तो इटालियन भाषेत मुळात अनाथाश्रमाचा शब्द होता. नेपल्सच्या अनाथगृहांत पोरक्या मुलांना सांभाळायचे आणि पोटाला काही यावे म्हणून गाणे-वाजवणे शिकवायचे, अशी रीत होती. त्यातून ती पुढे युरोपातली नामांकित संगीतविद्यालये झाली. व्हेनिसला विवाल्डीने अनाथ मुलींनाच शिकवले. अलीकडे, १९७५ पासून, व्हेनेझुएलात होसे अंतोनिओ अब्रेऊ यांनी गरीब वस्त्यांतल्या मुलांना वाद्ये देऊन वाद्यवृंदांची जी चळवळ उभी केली, तिचाही पाया तोच. आधी मुलाला सांभाळा, गाणे मागून येते.

आपल्या देशात १९८२ पासून दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची सांस्कृतिक प्रतिभाशोध शिष्यवृत्ती आहे, आणि परंपरेने कला जपणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचा तीत स्वतंत्र विचार होतो. ही सोय आपल्या जिल्ह्यातल्या मुलांपर्यंत पोहोचवणे शिक्षकांच्या हाती आहे. एक अडचण तर काळानेच दूर केली. तंबोरा परवडत नाही, ही सबब आता उरली नाही. मोबाइलवर तंबोऱ्याचा स्वर फुकट मिळतो, दूरच्या गुरूचा पाठही मिळतो. पाचपैकी वाद्याचा प्रश्न निम्मा सुटला. पण चुकलेला स्वर तिथल्या तिथे थांबवणारा गुरू मोबाइलमध्ये नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीला शेतातून सोडवणारा वेळही मोबाइलमध्ये नाही. आणि भाकर तर नाहीच.

म्हणून या संस्थेपुढे मी एक साधी गोष्ट ठेवतो. शाळा सुटल्यावर एक खोली दोन तास उघडी ठेवावी. तिथे एक पेटी, एक तबला आणि मिरजेचा एक तंबोरा असावा. शिकवणाऱ्याला मानधन असावे, आणि शिकणाऱ्याला संध्याकाळचे खाणे. परीक्षा ज्याला द्यायची त्याने द्यावी, तिची फी माजी विद्यार्थ्यांनी भरावी. आणि त्याच खोलीत, त्याच मानधनावर, आठवड्यातून एक दिवस किंगरी वाजवणाऱ्या परधानाला गुरू म्हणून बोलवावे. पाहुणा म्हणून, स्नेहसंमेलनातली गंमत म्हणून बोलवू नये. गुरू म्हणून बोलवावे. ओंकारनाथांना एक शेठ भेटला. मुलांचे भाग्य शेठ भेटण्यावर ठेवू नये म्हणूनच तर शाळा असतात. इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी वर्षाला एका मुलाच्या दोन तासांचा आणि एका ताटाचा भार उचलला, तरी पुष्कळ होईल.